शाळेतल्या नशामुक्ती कार्यक्रमाचा खरंच काही उपयोग होतो का? (इंदूर, आठवी ते दहावी)

सुदामानगरची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा नववीत आहे आणि मी यंदा त्याच्या शाळेच्या पालक समितीत आहे (म्हणजे मीटिंगला जी बाई वेळेवर आली तिला घेतलं, निवडणूक वगैरे काही नाही). तर शाळेला नशामुक्तीचा मोठा कार्यक्रम करायचाय, तीस हजार बाजूला ठेवलेत. प्लॅन असा की सकाळी रॅली, मुलांना टोप्या, मग हॉलमध्ये मोठा एलईडी भाड्याने आणून फिल्म दाखवायची, सडलेली फुप्फुसं, कॅन्सर झालेली तोंडं वगैरे, मग एक पाहुणे बोलणार, मग नशा सोडलेला एक माणूस स्वतःची कहाणी सांगणार, शेवटी शपथ आणि फोटो. शाल श्रीफळ आहेच.

गेल्या वर्षीही असंच झालं होतं, एलईडी सोडून. तेव्हा पाहुण्यांनी पीपीटीवर एकेक पुडी दाखवून कशाला काय म्हणतात, कुठे लपवतात, केवढ्याला मिळते सगळं सांगितलं. माझा मुलगा घरी आला तो डोळे चमकवत, "मम्मा तुला माहितीय एमडी म्हणजे काय? एवढीशी पुडी आणि एवढे पैसे!" (एमडी म्हणजे मेफेड्रोन, नशेची पावडर.) मला त्याच्या चेहऱ्यावर भीती कुठे दिसेना, उलट जनरल नॉलेज वाढल्याचा आनंद दिसला. तेव्हापासून डोक्यात किडा आहे की आपण हे नक्की कोणासाठी करतो, मुलांसाठी का फोटोसाठी.

आणि दुसरी गोष्ट, जी मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. दिवाळीनंतर नववीतल्याच एका मुलाच्या पेन्सिल पाउचमध्ये वेप (ई-सिगरेट) सापडला. आठ दिवसांत त्याची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) घरी. कागदावर "पालकांच्या विनंतीवरून". आमच्याच कॉलनीतला आहे तो, आता सकाळी अकरा वाजता मी बँकेत निघते तेव्हा हा कोपऱ्यावरच्या गुमटीशी (पान-सिगरेटच्या टपरीशी) उभा असतो, सोबत दोन मोठी मुलं. आधी निदान दोनपर्यंत तरी शाळेत असायचा.

तर विचारायचं एवढंच की शाळेत काय केल्याने खरोखर फरक पडतो हे कोणाला माहीत आहे का, अनुभवाने किंवा अभ्यासाने? तीस हजारात काय होऊ शकतं? पुढच्या शनिवारी मीटिंग आहे.

तात्या_रामबाग

ताई, तुम्ही फार विचार करता. आमच्या वेळी एक सर होते, त्यांचा हात एवढा मोठा की एका कानाखालीत दोघांना लागायची. बिडी सोडा, पेपरमिंट चोखायची हिंमत नव्हती कोणाची. आजकाल मुलांना हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, मग होणार हेच. ज्याची टीसी गेली ती बरोबर गेली, एक सडका आंबा अख्खी पेटी घालवतो.

बाकी नशा काही आजची नाही हो. हा आपला माळवाच अफूचा, नीमच मंदसौरला आजही सरकारी परवान्यावर पिकते, नीमचला कारखाना आहे सरकारचा. माझी आजी तान्ह्या पोरांना झोपवायला गुटीत किंचित अफू उगाळायची, अख्ख्या रामबागेतली पोरं अशीच झोपायची. आम्ही काय बिघडलो?

निवृत्त_बाई

तात्या, बिघडलो की नाही ते आपण कोण ठरवणार, ते घरच्यांना विचारायला हवं. 🙂

सुदामानगर, तुझं वाचून मला माझीच वर्षं आठवली. मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली निदान पंधरा वर्षं नशामुक्ती दिवस माझ्याच गळ्यात होता कारण मी चित्रकला घ्यायचे आणि पोस्टर स्पर्धा म्हणजे चित्रकलेच्या बाई. कवटी, साप, सिगरेटची चिता, दरवर्षी तेच. एका वर्षी ज्या मुलाला पहिलं बक्षीस दिलं तो मागच्या भिंतीशी गुटख्याचा पाउच खायचा हे मला सोडून अख्ख्या शाळेला माहीत होतं. चित्र खरंच सुंदर होतं हो, आजही माझ्याकडे आहे.

आणि तो नशा सोडलेला माणूस आणण्याचा प्रकार मीही केलाय, त्याची मला आजही लाज वाटते. माणूस चांगला होता, मनापासून बोलला, पण बोलायला इतका रंगतदार की काय सांगू! रात्री छतावरून उड्या, पोलिसांना चकवणं, रेल्वेतून मुंबई, आणि मग देवाच्या कृपेने सुटलो, आज स्वतःचं दुकान आहे. नववीची मुलं टाळ्या वाजवत होती. एकाने मला वर्गात विचारलं, "बाई, म्हणजे सोडता येतं ना नंतर?" आता यावर काय उत्तर देणार. त्याने जे ऐकलं ते बरोबरच होतं, की मजा करा, दहा वर्षांनी सोडा आणि दुकान टाका.

मला जे थोडंफार जमलं ते अगदी शेवटच्या पाच सहा वर्षांत, आणि तेही योगायोगाने. आठवीची क्लास टीचर होते, शनिवारी शेवटचा पिरियड रिकामा जायचा. तर आम्ही नाटकं करायचो, नुसती वर्गातल्या वर्गात, दोन दोन मिनिटांची. एक जण आग्रह करणार, दुसऱ्याने नाही म्हणायचं, पण अट अशी की दोस्ती तुटता कामा नये. बघ तू करून, मोठ्या माणसांनाही जमत नाही हे! पहिल्या दिवशी सगळे "नाही, मी असली कामं करत नाही" असं भाषण ठोकायचे आणि वर्ग हसायचा. हळूहळू त्यांना सापडायला लागलं, "अरे भिया मला आज क्रिकेटला जायचंय, श्वास लागतो", "घरी आई तोंडाचा वास घेते यार", "तू घे, मी पोह्यांकडे जातो". हे खोटं आहे की खरं याच्याशी मला घेणं नव्हतं, त्या क्षणी तोंडातून काहीतरी निघालं पाहिजे एवढंच. मुलींचं वेगळं असतं, त्यांना दोस्त नाही तर बॉयफ्रेंड आग्रह करतो, तेही नाटकात आपोआप आलं, मी फक्त मागे बसून वह्या तपासत असल्याचं नाटक करायचे.

याने किती मुलं वाचली मला सांगता येणार नाही. पण मुलं माझ्याशी बोलायला लागली, एवढं नक्की.

पुण्यात_इंदूरचा

बाईंनी जे योगायोगाने केलं ना, त्याच्यावर जगात चाळीस वर्षं काम झालंय! मी मूळचा लोकमान्य नगरचा, आता पुण्यात व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. थोडं लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी काय चालत नाही ते. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला पोलिस आणि शाळांनी मिळून डेअर नावाचा प्रोग्रॅम काढला, वर्दीतला पोलिस वर्गात येऊन ड्रग्जबद्दल सांगणार, शपथ, टीशर्ट, सगळं. पुढे तो जवळजवळ पूर्ण देशात पसरला, पालक खूश, पोलिस खूश, शाळा खूश. मग संशोधकांनी मोजायला सुरुवात केली. केंटकी राज्यातल्या सहावीच्या मुलांचा वीस वर्षांचे होईपर्यंत पाठपुरावा केला, १९९९ मध्ये ते छापून आलं, तर हा कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या मुलांत काही फरकच नाही! दहा वर्षांनी शून्य. शेवटी २००९ च्या सुमारास त्यांनी स्वतःच जुना अभ्यासक्रम सोडून दुसरा घेतला, ज्यात चार गोष्टींचा सराव असतो, नाही म्हणणं, कारण सांगणं, ती जागाच टाळणं आणि तिथून निघून जाणं. म्हणजे बाईंचा शनिवारचा पिरियड.

संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्जवाल्या कार्यालयाने २०१३ मध्ये आणि मग जागतिक आरोग्य संघटनेबरोबर २०१८ मध्ये प्रतिबंधाचे मानदंड काढले, त्यात स्पष्ट आहे की नुसती माहिती देणं, घाबरवणं, आणि पूर्वीच्या व्यसनी माणसाची कहाणी ऐकवणं याचा उपयोग दिसत नाही. ताईंच्या शाळेच्या प्लॅनमध्ये तिन्ही आहेत, वर एलईडी.

घाबरवून का होत नाही तर चौदा वर्षांच्या मुलाला चाळिसाव्या वर्षी होणाऱ्या कॅन्सरची भीती दाखवता, त्याच्यासाठी चाळीस म्हणजे दुसरं गाव आहे. त्याची खरी भीती काय, की उद्या ग्रुपने मला बाजूला केलं तर. तो ज्याला घाबरत नाही त्याची भीती आपण दाखवतो आणि तो ज्याला घाबरतो त्याच्याबद्दल एक शब्द बोलत नाही. शिवाय मुलाने गुमटीवर दहा जण सिगरेट पिताना पाहिलेत, कोणी कोसळून पडलेला नाही, मग त्याला वाटतं फिल्म खोटी आणि फिल्मबरोबर तुम्हीही खोटे.

चालतं काय? अमेरिकेतच बॉट्विन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने जीवनकौशल्यांचा कोर्स बनवला, तीन वर्षांचा, पहिल्या वर्षी १५ तास, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी ५. त्यात ड्रग्जचा विषय थोडाच, बाकी राग कसा आवरायचा, निर्णय कसा घ्यायचा, नवीन लोकांशी कसं बोलायचं, जाहिरात आपल्याला कशी गंडवते हे सगळं. मुद्दा बघा, एक दिवस नाही, तीन वर्षं, आणि थोडं थोडं.

अजून एक फार सोपी आणि स्वस्त गोष्ट. मुलांना नेहमी वाटतं की सगळेच करतात. वर्गाला विचारा तुमच्या वयाची शंभरातली किती मुलं सिगरेट पीत असतील, उत्तरं येतील पन्नास साठ. मग नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या, तू स्वतः महिन्याभरात प्यायलास का, आणि आकडा फळ्यावर लिहा. आकडा बहुतेक वेळा अंदाजापेक्षा खूपच खाली असतो, आणि जो मुलगा आपणच एकटे उरलो समजत होता त्याला कळतं की तो बहुमतात आहे. मात्र नाव खरंच कळता कामा नये, अक्षरही नाही, टिक मार्कच ठेवा.

आणि सुरुवात एमडीपासून करू नका प्लीज. एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा रिपोर्ट २०१९ मध्ये आला, त्यात हुंगायच्या पदार्थांचा प्रकार एकमेव असा निघाला ज्यात १० ते १७ वयाची मुलं मोठ्यांच्या पुढे, मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. म्हणजे व्हाइटनर, थिनर, पंक्चरवाल्याचं सोल्यूशन. आपली पोरं पाउच, सिगरेट, वेप, घरातली झोपेची गोळी, खोकल्याचं औषध इथून जातात, आणि आपण त्यांना थेट वरच्या मजल्याची माहिती देतो. हुंगण्यात एक फार वाईट गोष्ट अशी की पहिल्याच वेळी हृदयाचा ठेका बिघडून मूल दगावू शकतं, हे मात्र आई वडिलांना माहीत असायलाच हवं. मुलांना कसं करतात हे दाखवू नका, पालकांना वेगळं बोलावून सांगा की कपड्यांना थिनरचा वास, रिकाम्या व्हाइटनरच्या बाटल्या, नाकाजवळ पुरळ दिसलं तर डोळे उघडे ठेवा.

कोर्ससाठी पैसेही लागत नाहीत. आयुष्मान भारतखाली २०२० मध्ये शालेय आरोग्याचा कार्यक्रम निघाला, प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक तयार करायचे, एकूण ११ विषय, त्यात व्यसन हा एक. सुरुवात सरकारी शाळांपासून आहे पण एनसीईआरटीचं साहित्य कोणालाही वाचता येतं.

भंवरकुआ_भिया

मी २१ चा आहे, इथल्याच एका शाळेतून निघालो मग दोन वर्षं भंवरकुआला कोचिंग. मराठी लिहायची सवय नाही, चुका झाल्या तर माफ करा.

सच सांगू का, ते पाहुणे यायचे तेव्हा आम्ही खूश असायचो कारण दोन पिरियड जायचे. हॉलमध्ये मागच्या रांगेत जे खरंच करायचे ते सगळ्यात जोरात शपथ घ्यायचे. आणि पाहुणे विचारायचे "कोई प्रश्न?" तीनशे मुलं, पुढे प्रिन्सिपल बसलेत, कोण विचारणार? विचारलं की समजा गेलात कामातून, तुला का रे एवढी माहिती पाहिजे.

आमच्या दहावीत एक गोष्ट झाली ती सांगतो. एका दोस्ताने एका मॅडमला भरोसा ठेवून सांगितलं की तो सोल्यूशन सुंघतो आणि सुटत नाही. मॅडमनी अगदी चांगल्याच विचाराने प्रिन्सिपलला सांगितलं, प्रिन्सिपलने पप्पांना, पप्पांनी बेल्टने मारलं, आणि सोमवारी पूर्ण शाळेला माहीत. त्यानंतर दोन वर्षं आमच्या बॅचमध्ये कोणी कोणत्या टीचरला काही सांगितलं नाही, काहीच नाही, ड्रग्ज सोडा घरचं भांडणसुद्धा नाही. म्हणून ताई, मीटिंगमध्ये सगळ्यात आधी हे विचारा की समजा उद्या एखादा मुलगा स्वतः येऊन बोलला तर तुम्ही त्याचं काय करणार. याचं उत्तर नसेल तर बाकी कार्यक्रम गेर आहे, रंगपंचमीची मिरवणूक. निघणार, रंग उडणार, संध्याकाळी महानगरपालिका रस्ता धुऊन टाकणार.

दुसरं म्हणजे टाइम. शाळा दोनला सुटते, ट्यूशन पाचला, मम्मी पप्पा येणार सातला. हे जे मधले तास आहेत ना, सगळं त्यातच होतं. मला स्वतःला मल्लखांबाने वाचवलं, आमचे सर चार वाजता हजेरी घ्यायचे आणि हाताला तेलाचा वास यायचा, दम फुलला की ओळखायचे लगेच. एकदा ओळखलं पण. काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले उद्यापासून अर्धा तास आधी ये.

पुण्यात_इंदूरचा

भिया, तू जे मधल्या तासांचं म्हणालास त्यावर अख्खा देश चाललाय. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांतली ४२ टक्के गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती, २०१६ पर्यंत ती ५ टक्क्यांवर आली, रोज सिगरेट पिणारी २३ वरून ३ वर. त्यांनी भाषणं कमी केली आणि खेळ, संगीत, नाच यासाठी मुलांच्या नावाने पैसे द्यायला लागले, संध्याकाळी मुलं बाहेर किती वाजेपर्यंत याचा नियम पाळायला लागले आणि पालकांना एकमेकांशी बोलतं केलं. छोटा देश आहे, थंडी आहे, आपलं सगळं तसंच होणार नाही हे मान्य. पण शाळेचं मैदान दोननंतर कुलूप लावून ठेवायचं आणि मग मुलं गुमटीवर का उभी राहतात विचारायचं, हे तर थांबवता येईल ना.

तुझे ते सर ग्रेट आहेत.

वकील_वहिनी

मी फक्त कायद्याचं सांगते, कारण मीटिंगमध्ये कोणीतरी "बॅग तपासा, लघवीची टेस्ट करा, पकडला की काढा" म्हणणार म्हणजे म्हणणार.

आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढताच येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६. आणि तात्या, कलम १७ मध्ये मारायचीही बंदी आहे, ते तुमच्या सरांच्या वेळी नव्हतं म्हणून वाचले. नववी दहावीला ते कलम लागू नाही म्हणून शाळा "पालकांच्या विनंतीवरून" लिहून घेतात, ते काय असतं सगळ्यांना माहीत आहे.

मुलाला नशेची वस्तू, दारू किंवा तंबाखू देणाऱ्यावर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकता येत नाही, १८ खालच्याला तर कुठेच नाही, हे २००३ च्या कायद्यात आहे. वेपची विक्री २०१९ पासून पूर्ण देशात बंद. म्हणजे ताई, तुमच्या कॉलनीतल्या मुलाच्या पेन्सिल पाउचमध्ये वेप आला तेव्हा गुन्हा त्याला विकणाऱ्याचा होता, आणि शाळा मुलाला काढून मोकळी झाली, विकणाऱ्याचं नाव कोणी विचारलंसुद्धा नाही. समितीच्या लेटरहेडवर गुमटीची तक्रार द्या, पोच घ्या, फोटो जोडा. एका आईच्या तक्रारीला आणि तीनशे पालकांच्या समितीच्या तक्रारीला वेगवेगळं वजन असतं.

अजून एक, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला तर थोड्या मात्रेच्या गुन्ह्यात त्याला सूट मिळायची तरतूद एनडीपीएसच्या (अमली पदार्थांच्या कायद्याच्या) ६४ अ कलमात आहे. पालक पोलिसांच्या भीतीने डॉक्टरकडेच नेत नाहीत म्हणून सांगितलं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, मानसिक त्रासासाठी १४४१६. हे दोन नंबर टोपीवर छापले तर टोपीचाही उपयोग होईल.

तात्या_रामबाग

बरं बरं, मला सगळ्यांनी मिळून धुतलं. पण एक प्रश्न माझाही आहे आणि तो टिंगलीवारी नेऊ नका. नववीतला मुलगा शाळेत वेप आणतो, त्याला काहीच नाही करायचं? मग बाकीच्या चाळीस जणांना काय दिसणार, की आणा, काही होत नाही. नाटकं करा, मैदान उघडा, सगळं ठीक, पण शिस्त म्हणून काही राहणार की नाही?

पुण्यात_इंदूरचा

तात्या, प्रश्न एकदम रास्त आहे. करायचं तर आहेच. वस्तू जप्त, आई वडील दोघंही त्याच दिवशी शाळेत, काही आठवडे समुपदेशकाकडे जाणं सक्तीचं, खेळाच्या टीममधून तात्पुरतं बाहेर, दर शुक्रवारी क्लास टीचरला भेटणं. मुलांना हे टीसीपेक्षा जड जातं, खरं सांगतो. टीसी म्हणजे एक दिवसाचं रडणं आणि मग मोकळं रान. फक्त मुलगा शाळेच्या आत राहिला पाहिजे, कारण बाहेर त्याच्याकडे लक्ष ठेवणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे विकणारा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या कहाण्यांत शाळा कधी सुटली हा प्रश्न मी हल्ली सगळ्यात आधी विचारतो. त्याच्या पुढची घसरण फार पटपट होते.

आणि विकणारा मुलगा आणि पिणारा मुलगा यात फरक करायला हवा, तो प्रकार वेगळा, तिथे वहिनींचे कायदे लागतात.

तात्या_रामबाग

शुक्रवारी भेटणं हे पटलं. आमचे ते सर पण मारल्यावर संध्याकाळी घरी यायचे, आईकडे चहा घ्यायचे आणि विचारायचे कसा आहे. ते सांगायचं राहिलंच होतं मघाशी. आणि खरं सांगायचं तर माझा मोठा भाऊ गेला तो दारूनेच, ५२ व्या वर्षी. आजीच्या गुटीचा विनोद मी चाळीस वर्षं करतोय.

निवृत्त_बाई

तात्या, 🙏

सुदामानगरची_आई

मीटिंग झाली, आत्ताच घरी आले, सगळं ताजं आहे तोवर लिहिते.

रॅली रद्द झाली नाही. बॅनर आधीच छापायला गेलेत, प्रिन्सिपल सर म्हणाले आता मागे कसं घेणार. ठीक आहे, टोप्यांवर दोन्ही नंबर छापायचं मान्य झालं. एलईडी गेला, त्यासाठी मी जरा आवाज चढवला हे कबूल करते. कहाणी सांगणारा माणूसही गेला, त्याऐवजी त्या दिवशी दुपारी फक्त पालकांसाठी एका मानसोपचार डॉक्टरांचं बोलणं ठेवलंय, व्हाइटनर आणि वासांबद्दल. एक पप्पा म्हणाले "आमच्या मुलांना गरज नाही, ज्यांना आहे त्यांना बोलवा", त्यावर कोणीच काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना बोलवायचं ठरलं असं मी मिनिट्समध्ये लिहून टाकलं.

आठवी आणि नववीला शनिवारचा शेवटचा पिरियड मिळाला, बारा आठवडे. मी वर्षभर मागितला होता, पण गणिताच्या सरांनी सिलॅबसचा असा हिशेब मांडला की मला बँकेतला ऑडिट आठवला. दोन शिक्षक तयार झालेत, एक विज्ञानाच्या मॅडम आणि एक पीटीचे सर. मैदान दोन ते पाच उघडं ठेवायला चौकीदाराचे जास्तीचे पैसे लागतात, ते एलईडीच्या पैशांतून निघतात, बरोबर तेवढेच! खो-खो पीटीचे सर घेणार, मल्लखांबाला खांब नाही.

भिया, तुझा प्रश्न मी तसाच्या तसा विचारला, उद्या एखादा मुलगा स्वतः येऊन बोलला तर काय करणार. शप्पथ सांगते, दोन मिनिटं नुसता पंख्याचा आवाज. मग विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या आपल्याकडे हे कुठे लिहिलेलंच नाही. तर आता एक पानाचं लिहायचं ठरलंय, स्वतःहून सांगितलं तर काय, पकडलं गेलं तर काय, विकताना पकडलं तर काय, आणि कोणाला सांगायचं कोणाला नाही. वहिनी, कच्चा मसुदा तुम्हाला पाठवला तर बघाल का?

आणि तो मुलगा. मी मीटिंगच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी गेले होते, डबा परत करायचं निमित्त काढून. त्याची आई दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही, आणि मग एकदम म्हणाली की टीसीनंतर कॉलनीतून कोणी घरी आलं तर तुम्हीच. मुलगा आतून बघत होता. मीटिंगमध्ये मी विचारलं की नवीन नियम झाला तर जुना निर्णय पण बघणार का, प्रिन्सिपल सर म्हणाले "बघू, आधी कागद तर होऊ दे." नाही म्हणाले नाहीत. बोर्डाच्या रजिस्ट्रेशनची तारीख जवळ येतेय, तेवढ्यात कागद व्हायला पाहिजे, मी रोज फोन करणार आहे त्यांना, कंटाळले तर कंटाळले.

बाई, एक विनंती. पहिला शनिवार तुम्ही येऊन दाखवाल का त्या दोघांना, ते दोन मिनिटांचं नाटक? मॅडम म्हणतात पुस्तकात वाचून आम्हाला हसू आवरणार नाही.

निवृत्त_बाई

येते की. रिक्षा मात्र पाठव, गुडघे कुरकुरतात. आणि बाकं भिंतीला लावून ठेवायला सांग, मुलं खाली बसतील, मला मागे एक खुर्ची आणि तपासायला कसल्याही वह्या.

वकील_वहिनी

मसुदा पाठवा ताई. सोमवारपर्यंत बघून देते, टीसीच्या कागदाची एक कॉपी त्याच्या आईकडून घेऊन ठेवा.

भंवरकुआ_भिया

मल्लखांबाच्या खांबाचं मी माझ्या सरांना विचारतो. जुना एक पडून आहे बहुतेक, सागवानाचा आहे, फक्त खड्डा खोल पाहिजे.